बोरिस जॉन्सन आयसीयूत, आणि आपल्याकडचं "तब्येत उत्तम आहे"

कृष्णाकाठचा | ७ एप्रिल २०२०, सकाळी ७:१०

रात्री बेदाणा शेडवर झोपायला होतो, यंदा द्राक्षाला व्यापारीच फिरकला नाही म्हणून जवळपास सगळा माल बेदाण्याला टाकलाय, तर ते असो. साडेबारा-पाऊण वाजता मोबाईल बघितला तर बातमी, ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन करोनानं आयसीयूत. झोपच उडाली राव. माझा त्या माणसाशी संबंध काय, काही नाही, पण एवढ्या मोठ्या देशाचा पंतप्रधान, आणि आपण इथं वेशीवर काट्या टाकून बसलोय, म्हणजे त्याच्यापर्यंत जर पोचला तर आपल्या काट्यांनी काय थांबणारे असं वाटून गेलं.

मला खटकलं ते वेगळंच. २७ मार्चला यांनी स्वतः सांगितलं की पॉझिटिव्ह आलोय, लक्षणं सौम्य आहेत, घरातून काम करतोय. परवा रविवारी ५ तारखेला आपण नऊ वाजता दिवे लावले ना, त्याच रात्री तिकडं यांना सेंट थॉमस हॉस्पिटलला नेलं. सांगितलं काय तर खबरदारी म्हणून, काही तपासण्या करायच्यात. काल दिवसा ट्वीट, मी मजेत आहे. आणि काल संध्याकाळी आयसीयू! मजेत असलेला माणूस संध्याकाळी आयसीयूत कसा जातो?

सकाळी चहाला हे आमच्या तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे माझे चुलते, दोन टर्म सरपंच, अजून गावात शब्द चालतो. ते म्हणाले, बरोबर केलं त्यांनी, पुढाऱ्यानं आजारी पडलं तरी सांगू नये, गावाचा धीर सुटतो. माझं उलटं मत आहे. ज्याच्या हातात कारभार आहे त्याच्या अंगात ताप किती, हे लोकांना खरं कळलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

भडंगप्रेमी | ७ एप्रिल, सकाळी ७:५२

पहिला नंबर. हाच तो माणूस ना जो मार्चच्या सुरवातीला टीव्हीवर सांगत होता की हॉस्पिटलात गेलो होतो तिथं करोनाचे पेशंट असावेत आणि मी सगळ्यांशी हात मिळवला म्हणून? घ्या मग.

मिरजकरीण | ७ एप्रिल, सकाळी ८:३०

भडंगप्रेमी, आजारी माणसावर हसू नये बाबा. माझी मावसबहीण तिकडंच नर्स आहे, मिरजेतच मिशनच्या दवाखान्यात शिकली, मग मुंबई, मग गल्फ आणि आता सात वर्षं इंग्लंडमध्ये. काल रात्री फोन झाला, म्हणत होती वॉर्डात मास्क मोजून देतात आणि गाऊन संपला की प्लॅस्टिकचा ॲप्रन. दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन टाळ्या वाजवतात तिच्यासाठी. मी म्हटलं आमच्याकडं थाळ्या झाल्या, तर हसली. पण मग म्हणाली, ताई, टाळी चालेल गं, पण मास्क पण दे म्हणावं.

साधा डॉक्टर | ७ एप्रिल, दुपारी २:१५

ओपीडी आत्ता संपली, अशा काळात ओपीडी म्हणजे सर्दीवाला पण दारातूनच हात जोडतो, असो. कृष्णाकाठचा यांचा प्रश्न चांगला आहे, मजेत असलेला माणूस संध्याकाळी आयसीयूत कसा? तर या आजारात जाऊ शकतो. लपवालपवी असेल-नसेल ते मला माहिती नाही, पण आजाराची चालच तशी आहे.

पहिला आठवडा फसवा असतो. ताप, कोरडा खोकला, अंगदुखी, वास जातो, माणूस म्हणतो फ्लू आहे, जाईल. बहुतेकांचा जातोही. काहींचा मात्र सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पलटी मारतो, तोवर विषाणूशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती भडकते आणि फुप्फुसाला सूज आणते. जॉन्सन पॉझिटिव्ह आले २७ ला, आयसीयू ६ ला, मोजा दिवस. दुसरी गंमत अशी (गंमत कसली) की रक्तातला ऑक्सिजन खाली गेलेला असतो आणि माणूस बोलतोय, चहा पितोय, फोनवर ट्वीट करतोय. इतर न्यूमोनियात ऑक्सिजन एवढा खाली गेला की पेशंट धापा टाकतो, इथं काहींना कळतच नाही. म्हणून बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर घरात ठेवा, थर्मामीटरपेक्षा ते जास्त खरं बोलेल.

आणि आयसीयू म्हणजे व्हेंटिलेटरच असं नाही. बातमीप्रमाणे त्यांना ऑक्सिजन चालू आहे, व्हेंटिलेटर लागलेला नाही, पण लागला तर हाताशी असावा म्हणून हलवलंय. हा निर्णय डॉक्टरनं बरोबर घेतलाय. आपल्याकडं नातेवाईक म्हणतात, चांगला बोलतोय की, कशाला आयसीयू, बिल वाढवायला?

वाईचा वड | ७ एप्रिल, दुपारी ३:०५

डॉक्टरसाहेब लै मोलाचं सांगितलं. पण ऑक्सिमीटर मिळतंय कुठं, मेडिकलवाला म्हणतो स्टॉक नाही, आणि ज्याच्याकडं आहे तो तिप्पट सांगतोय.

दप्तरी | ७ एप्रिल, रात्री ९:४०

धाग्याचा विषय आवडीचा म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

नेत्याचा आजार लपवायची रीत जुनी आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत याच ब्रिटनचे पंतप्रधान लॉईड जॉर्ज सप्टेंबरात मँचेस्टरला सत्काराला गेले आणि तिथंच आडवे झाले. आठवडाभराहून जास्त टाऊन हॉलमध्येच पडून होते, परत लंडनला न्यायची सोय नाही एवढी अवस्था. पण युद्ध चालू होतं, शत्रूला कळू नये म्हणून पेपरवाल्यांनी हात आखडता घेतला. लोकांना वाटलं साहेबांना जरा थंडी बाधली.

पुढच्या वर्षी एप्रिल १९१९, म्हणजे बरोबर १०१ वर्षांपूर्वी याच आठवड्यात, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन पॅरिसला शांतता परिषदेत होते. ३ एप्रिलला एकदम खोकला, १०३ ताप, अंथरुणातून उठवेना. त्यांचा डॉक्टर ग्रेसन बाहेर सांगतो, सर्दी आहे, पॅरिसचा पाऊस बाधला. जर्मनीला किती पिळायचं याचा हिशोब टेबलावर आणि अध्यक्ष पलंगावर! बरे होऊन परत टेबलावर आले तेव्हा ज्या गोष्टींवर आधी अडून बसले होते त्यातल्या बऱ्याच सोडून दिल्या. आजारामुळं सोडल्या का राजकारणामुळं यावर इतिहासकार अजून भांडतात, मी त्यात पडत नाही.

आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय ते आधीच सांगून ठेवतो, १९१८ साली गांधीजींना स्पॅनिश फ्लू झाला होता म्हणून. नाही. ते खेड्याला (गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात) सैन्यभरतीसाठी फिरताना आजारी पडले ते हगवणीनं. मरता मरता वाचले हे खरं, दूध न पिण्याचा नेम होता त्यातून बकरीच्या दुधाची वाट निघाली ती त्याच आजारात, पण फ्लू नव्हे.

भडंगप्रेमी | ७ एप्रिल, रात्री १०:०२

दप्तरीकाका, जबरी. आमच्या फॅमिली ग्रुपवर गांधींचं सकाळीच आलंय, आता मामांना कोण सांगणार.

वाईचा वड | ८ एप्रिल, सकाळी ६:५५

सगळे परदेशातलेच का घेता? आमच्या जिल्ह्यातलं घ्या. सावित्रीबाई फुले, माहेर नायगाव, तालुका खंडाळा. १८९७ ला प्लेग आला तेव्हा त्यांचं वय ६६. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याला बोलवून पुण्याबाहेर हडपसरकडं दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः पाठीवर घेऊन आल्या, तो पोरगा वाचला आणि लागण झाली बाईंना, १० मार्चला गेल्या. तेव्हा प्लेग झाला म्हटलं की माणसं घर सोडून रानात झोपड्या टाकायची, आणि ही बाई उलटी आत चालत गेली. हात मिळवून टीव्हीवर सांगणारे वेगळे आणि ह्या वेगळ्या.

मिरजकरीण | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

वाईचा वड, डोळ्यात पाणी आणलंस.

कंदी पेढा | ८ एप्रिल, सकाळी ११:३०

मूळ प्रश्नावर येऊ का जरा. मी कायद्याच्या अंगानं बघतो. पंतप्रधान बेशुद्ध पडला तर सही कोण करणार, हा खरा प्रश्न. ब्रिटनला लिहिलेली राज्यघटनाच नाही, म्हणून परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांना "जिथं गरज पडेल तिथं" काम बघायला सांगितलंय, म्हणजे आमच्या सोसायटीच्या चेअरमननं गावाला जाताना किल्ली शेजाऱ्याकडं दिली तसं. अमेरिकेत १९६७ पासून २५ वी दुरुस्ती आहे, अध्यक्षानं पत्र दिलं की उपाध्यक्षाकडं सूत्रं.

आपल्याकडं? घटनेत हंगामी पंतप्रधान हा शब्दच नाही. नेहरूंना जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला पक्षाघाताचा झटका आला, कारभार हलका करायला शास्त्रीजींना बिनखात्याचे मंत्री म्हणून परत घेतलं, पण पुढं कोण हे कोणी उघड बोलेना. २७ मे ला नेहरू गेले तेव्हा गुलझारीलाल नंदांना शपथ दिली, १९६६ ला ताश्कंदहून शास्त्रींची बातमी आली तेव्हा परत नंदाच. २००९ च्या जानेवारीत मनमोहनसिंगांची एम्सला बायपास झाली तेव्हा मात्र आधी जाहीर झालं, काम प्रणवदांनी (मुखर्जी) बघितलं, कुठं काही अडलं नाही. सांगितलं म्हणून आभाळ कोसळत नाही हो.

कृष्णाकाठचा | ८ एप्रिल, दुपारी १:१०

तेच तर म्हणतोय! पण एक बाजू अजून आहे, काल लिहायचं राहिलं. आपल्या इस्लामपूरचं बघा. मार्चअखेर आकडा २५ पर्यंत गेला, एका घरातनं सुरू झालेलं, आणि त्या घराची नावं, फोटो, कुठल्या गल्लीत राहतात, सगळं मोबाईलवर फिरलं. त्यांनी काय गुन्हा केला होता का? साध्या माणसाचा आजार झाकायला पाहिजे तो चव्हाट्यावर, आणि पुढाऱ्याचा उघडा पाहिजे तो झाकलेला. उलटं झालंय सगळं.

मिरजकरीण | ८ एप्रिल, दुपारी १:४५

शंभर टक्के. आमच्या कॉलनीत एक नर्स राहते, मिरज सिव्हिल करोनासाठी घेतलं तेव्हापासून तिला लिफ्ट वापरू नको म्हणतात. त्याच लोकांनी २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, मी स्वतः गच्चीतून बघितलं.

भडंगप्रेमी | १० एप्रिल, सकाळी ८:१५

अपडेट, बोरिसभाऊ काल आयसीयूतून वॉर्डात आले.

मिरजकरीण | १३ एप्रिल, सकाळी ९:००

काल ईस्टरच्या दिवशी डिस्चार्ज! व्हिडिओ बघितला का कोणी? दोन नर्सची नावं घेतली त्यांनी, एक न्यूझीलंडची जेनी आणि एक पोर्तुगालचा लुईस, म्हणाले ४८ तास हे दोघं पलंगाशेजारी उभे होते, गोष्ट कुठंही जाऊ शकत होती. बहिणीला पाठवला. तिचं उत्तर, दोघंही परदेशी बघ, आमच्यासारखेच. आणि मग, बाहेरच्यांना बंदी करा म्हणणारा माणूस बाहेरच्यांच्या हातून वाचला. मी काय बोलणार.

सेंट थॉमस म्हणजे फ्लॉरेन्स नाईटिंगेलनं १८६० ला नर्सिंगची शाळा काढली तेच हॉस्पिटल बरं का, यंदा तिच्या जन्माला २०० वर्षं होताहेत. आम्हाला पहिल्या वर्षाला होतं हे, परीक्षेला हमखास.

साधा डॉक्टर | १७ जून २०२०, रात्री ११:२०

धागा वर काढतोय, कारण आहे. काल ऑक्सफर्डवाल्यांनी रिकव्हरी ट्रायलचा (करोनावरच्या औषधांची चाचणी) निकाल सांगितला. डेक्सामेथासोन, आपलं साधं डेक्सा, जुनं स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. ऑक्सिजन न लागणाऱ्याला फायदा नाही, म्हणजे घरी ताप आला म्हणून चिठ्ठीवर लिहून घेऊन खाऊ नका, हात जोडतो. पण लागेल त्याला हे औषध आपल्या तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा मिळतं, दोन-पाच रुपयात. पंतप्रधानाला मिळेल ते गड्यालाही मिळेल असं पहिल्यांदाच काहीतरी आलंय.

दप्तरी | ५ ऑक्टोबर २०२०, सकाळी ८:३०

परत याच धाग्यावर यावं लागलं. २ ऑक्टोबरला ट्रंप पॉझिटिव्ह, त्याच संध्याकाळी हेलिकॉप्टरनं वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलला. आणि बघा, विल्सनला अर्धांगाचा झटका आला तो २ ऑक्टोबर १९१९, तारीख तीच. त्यानंतर विल्सन महिनोन्‌महिने खोलीत, मंत्र्यांनाही भेट नाही, कागद आधी बायको इडिथ बघणार आणि मग ठरवणार साहेबांना दाखवायचा का. लोकांना सांगितलं काय, थकवा आहे.

शनिवारी ट्रंपच्या डॉक्टरला पत्रकारांनी विचारलं, ऑक्सिजन लागला का? तो गोल गोल बोलत राहिला. रविवारी कबूल केलं की शुक्रवारी दिला होता, आणि का सांगितलं नाही तर म्हणे वातावरण सकारात्मक ठेवायचं होतं. शंभर वर्षांत शब्द तेवढे बदलले.

भडंगप्रेमी | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

औषधांची यादी वाचली का? त्या रिजेनेरॉन कंपनीच्या अँटिबॉडी, विषाणूवरचं रेमडेसिव्हिर, आणि आपल्या डॉक्टरसाहेबांचं डेक्सा. इथं रेमडेसिव्हिरच्या एका इंजेक्शनसाठी गेल्या महिन्यात आमचा मित्र सांगली ते कोल्हापूर ते पुणे फिरून आला.

साधा डॉक्टर | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

डेक्सा दिलंय याचा अर्थ "सौम्य" नाही, हे लक्षात घ्या. बाकी सप्टेंबर कसा गेला ते विचारू नका, लिहायचं बळ नाही.

कृष्णाकाठचा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:५०

लिहू का नको करत महिना गेला. आज ट्रंपचा व्हिडिओ बघितला आणि राहवलं नाही. कालच्या रविवारी हॉस्पिटलमधून गाडीत बसून बाहेर आला, लोकांना हात दाखवायला. काचा बंद. पुढं ड्रायव्हर आणि एक रक्षक, त्यांच्या तोंडाला मास्क, अंगात ते गाऊन. मी त्या ड्रायव्हरकडंच बघत होतो.

एप्रिलमध्ये मी इथं तात्यांचं सांगितलं होतं, पुढाऱ्यानं सांगू नये म्हणून. गणपतीत त्यांना ताप आला. ऑगस्टचा शेवट. आम्हाला म्हणाले, पावसात भिजलो. गावात कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर घराला पत्रे लागले असते, गल्ली सील झाली असती, आणि ज्यानं मार्चमध्ये वेशीवर उभं राहून मुंबईच्या पोरांना शाळेत चौदा दिवस ठेवलं त्याच्याच घरात निघाला म्हणून लोक हसले असते. मला वाटतं हसण्याचीच भीती जास्त होती. तपासणी नाही. चार दिवस गोळ्या खाऊन फिरत राहिले, एक मयत, एक बँकेची मीटिंग, दोनदा सांगली. गाडी आमचा ड्रायव्हर चालवायचा, वीस वर्षं तोच. एसी चालू, काचा बंद. त्याला वास येत होता आजाराचा, बायकोला बोलला पण होता म्हणे, पण तात्यांना कसं म्हणणार की मास्क लावा.

आठव्या दिवशी तात्यांना दम लागला. (डॉक्टर, तुमची पोस्ट पाठ होती मला. ऑक्सिमीटर लावलं तर ऑक्सिजन ८४, आणि तात्या म्हणतात मशीन बिघडलंय.) त्या रात्री सांगली फिरलो, मिरज फिरलो, बेड नाही, एका ठिकाणी गेटवरच्या माणसानं तर गाडी वळवायला पण जागा दिली नाही. शेवटी पहाटे चारला कराडकडं एक बेड मिळाला. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनचा स्कोर २५ पैकी १४. रात्रभर गाडी कोण चालवत होता, तोच. त्याला स्वतःला अंगात कणकण होती, बोलला नाही.

तात्या सतरा दिवसांनी घरी आले. तो आला नाही. त्याला चौथ्या दिवशी ॲडमिट केलं तेव्हा फार उशीर झाला होता, शेवटचे पाच दिवस व्हेंटिलेटर. वय ४६.

मिरजकरीण | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

काय लिहू. रात्रीच वाचलं, झोप नाही लागली.

कंदी पेढा | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

कृष्णाकाठचा, कठोर वाटेल पण विचारतो, तात्यांना हे माहिती आहे का? म्हणजे त्यांच्यामुळं.

कृष्णाकाठचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

दवाखान्यात असताना आम्हीच लपवलं. रोज विचारायचे, तो कुठाय, आम्ही म्हणायचो घरी आहे, बरा आहे. तब्येत उत्तम आहे! मीच म्हणायचो, ज्यानं हा धागा काढला त्यानंच. घरी आल्यावर गाडी दारात तशीच उभी बघितली, वर धूळ, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले बराच वेळ.

परवा ते माझं कुटुंब माझी जबाबदारीवाले घरोघर ताप बघायला आले, आशाताई आणि दोन पोरं. तात्यांनी स्वतः सांगितलं, लिहून घ्या, मला झाला होता, मी लपवला होता, आणि कोणापासून कोणाला ते पण लिहा. आशाताई म्हणाली, तात्या, असा रकाना नाही फॉर्मात.

वाईचा वड | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

त्याच्या घरी कोण असतं आता?

कृष्णाकाठचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

बायको, दोन पोरी. थोरली बारावीला, सायन्स. शाळा ऑनलाईन आणि फोन एकच होता, तो पण त्याचा, दवाखान्यातून परत मिळाला नाही. मी एक घेऊन दिलाय. बेदाण्याचा अजून निम्मा माल स्टोरेजला पडून आहे, तो सुटला की बाकीचं बघतो.

भडंगप्रेमी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:३१

फीचं किती आहे? व्यनित (खासगी निरोपात) कळव. आम्ही तिघं-चौघं मित्र आहोत सांगलीत.

साधा डॉक्टर | ६ ऑक्टोबर, दुपारी २:५०

मलाही कळवा. आणि त्या माऊलीची, पोरींची तपासणी झाली होती का? झाली नसेल तर निदान ऑक्सिजन बघून घ्या एकदा, आणि थकवा असेल तर माझ्याकडं पाठवा.

कृष्णाकाठचा | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

झाली होती, निगेटिव्ह. दोघांना व्यनि केलाय, बघा.